पुढच्या कमानी

जानरावची पिकप पुढून बसलेली होती. रिकामी उभी असली की मागचा हौदा उंच आणि नाक जमिनीकडे, नाल्यावर पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांतली ती एक. परतवाड्याच्या व्यापाऱ्यांचं मीठ, राकेल, तेलाचे डबे घेऊन ती मेळघाटचा घाट चढायची आणि धारणीहून मोहफुलं, डिंक, बांबू घेऊन अमरावतीला उतरायची. मागच्या चाकांवरच्या कमानींत, म्हणजे गाडी पेलणाऱ्या स्प्रिंगांत, जानरावने ओझ्यासाठी जास्तीचे लोखंडी पाटे घालून घेतले होते. पुढच्या कमानी मात्र घाटातले खड्डे खाऊन खाऊन सरळ पट्टीसारख्या झाल्या होत्या. माल भरला की मागचं अंग दबायचं, गाडी बरोबरीत यायची. त्यामुळे त्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. गाडी मालाची होती, आणि मीठ काही तक्रार करत नाही.

पण एकोणसाठ सालच्या थंडीत त्या गाडीतून एक माणूस आणावं लागलं.

ते माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण पार्बताबाई. तो तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचा. त्याची माय गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. पार्बताबाईचं लग्न झालं होतं, पण नवरा पटकीने गेला आणि ती परत आली. आली ती भावाची माय होऊनच. पुढे तिने सुईणीचं सरकारी शिक्षण घेतलं आणि धारणीच्या दवाखान्यात नोकरी धरली. जानराव लष्कराच्या मोटार कंपनीत गेला, गाडी शिकून परत आला, इंदूबाईशी लग्न करून अमरावतीला फ्रेजरपुऱ्यात राहू लागला. बाई मात्र धारणीतच राहिली. कोरकूंच्या खेड्यांतून ती पायी, बैलगाडीने, कधी जंगलखात्याच्या जीपने हिंडायची. एखाद्या घरी बाळंतीण अडली की घरचा माणूस येऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसायचा, काही बोलायचा नाही. ही पिशवी उचलून त्याच्यामागे निघायची. मैना नावाची एक कोरकू बाई दवाखान्यात झाडलोट करायची, ती पाणी-फडकी सांभाळायला सोबत असायची.

त्या थंडीत हरिसालच्या पुढे एका नाल्यात त्यांची बैलगाडी उलटली. मैना बाजूला फेकली गेली. बाईच्या कमरेवर गाडीचं जू आणि चाक दोन्ही आलं.

जानराव त्या दिवशी धारणीतच होता. त्याने सगळा माल रस्त्यावर उतरवला, हौद्यात पेंढा पसरला, त्यावर बाईला निजवलं आणि गाडी अमरावतीकडे काढली. डोकं केबिनकडे, पाय मागे. मैना शेजारी बसली होती. रिकाम्या गाडीचं नाक खाली. बाई सगळा वेळ उतारावर निजल्यासारखी पुढे घसरत राहिली. दर वळणावर, दर खड्ड्याला तिचं डोकं केबिनच्या पत्र्यावर आदळायचं आणि मोडलेल्या कमरेवर सगळं अंग यायचं. मैना दोन्ही हातांनी तिला मागे ओढून धरायची, पुन्हा गाडी घसरवायची. बाई ओरडली नाही. दवाखान्यात उतरवताना तिच्या दातांतून पदराचा बोळा काढावा लागला, तो रक्ताने भिजला होता.

जीव वाचला, पाय गेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की मणका निकामी झाला, आता ही खाटेवरच.

जानरावने तिला घरी आणलं. इंदूबाईने तिचं सगळं केलं. कूस बदलून देणं, अंग पुसणं, पाठीला खोबरेल लावणं, वेणी घालणं. हातचं काही राखलं नाही. शेजारच्या बाया म्हणत, सख्खी लेकही एवढं करायची नाही. पण बाई भिंतीकडे पाहत पडून राहायची. आणि महिना-दोन महिने झाले तशी तिने विचारायला सुरुवात केली.

“जाना, मले धारणीले केव्हा नेऊन सोडतं?”

“तठी कोन हाये तुह्यं, बाई?”

“तठी काम हाये. नवी नर्स अजून आली नाई. मैनाले सगळं ठावं हाये, पन तिची हिंमत होत नाई. मी खाटेवरून सांगीन, ते करीन. माहे पाय गेले, तोंड नाई गेलं.”

बाईला परत त्या जंगलात टाकायचं, हे जानरावला सहन होण्यातलं नव्हतं. पण नाही म्हणायचीही त्याची छाती नव्हती. लहानपणापासून कधी तिला नाही म्हटलं नव्हतं. म्हणून त्याने एक सबब शोधली.

“गाडी नाकावर हाये, बाई. त्या गाडीत पुन्हा तुले निजवनार नाई मी. सरळ झाली की नेतो.”

ही सबब अशी होती की बाईला तिच्यावर काही बोलता येईना. ती अधूनमधून विचारायची, “सरळ झाली का रे?” आणि तो म्हणायचा, “पाहून राहिलो. चांगल्या कमानी भेटत नाई.” संक्रांत गेली, उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्याने एकाही कमानवाल्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती.

मग बाईने विचारणं सोडलं.

आधी जानरावला बरं वाटलं. काही दिवसांनी इंदूबाई त्याला चुलीपाशी म्हणाली, “बाई भाकर पुरी खात नाई. चतकोर खाते आन ताट सरकवते. काही म्हनलं तर हसते नुसती.” त्या संध्याकाळी तो बाईच्या खाटेपाशी बसला. धारणीच्या गोष्टी काढल्या, मैना भेटली होती म्हणून सांगितलं, एका खेड्यात बाळंतीण गेली हेही तोंडातून निघून गेलं. बाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिने विचारलं असतं तर त्याने पुन्हा खोटं बोलून निभावलं असतं. ती विचारत नव्हती, तिथे त्याचं काही चालेना.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन अकोल्याला गेला.

मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात, किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत नत्थुजीचं कमानींचं काम चालायचं. नत्थुजी जातीचा लोहार. बाप बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा, हा मोटारींच्या कमानी बांधायचा. टिनाच्या शेडमध्ये मोडीत निघालेल्या ट्रकचे आणि बसचे पाटे ढिगाने लावून ठेवलेले असत.

नत्थुजीने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला.

“सोपं काम हाये,” तो म्हणाला. “ॲक्सल आन कमानीच्या मंधात लोखंडी ठोकळा टाकून देतो. जेवून येईस्तोवर गाडी सरळ.”

“घाटात चालन?”

“कोनता घाट?”

“मेळघाट. धारणी.”

“मंग नाई.” नत्थुजीने मान हलवली. “वळनावर ठोकळा सरकला तर चाक एकीकडे आन तुमी एकीकडे. मी नाई टाकून देत. ह्याच कमानी भट्टीत घालून वाकवून देऊ का? पन लोखंड थकलं हाये, पावसाळ्यापर्यंत पुन्हा बसतीन. त्यापेक्षा एकेक जाड पाटा जास्तीचा घाला. ट्रकचे हायेत माह्यापाशी. नाक वर आलं की मंग खाली जायचं नाव नाई.”

जानरावला ते पटलं. मजबूत ते चांगलं, हा त्याचा आजवरचा हिशेब. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना जाड पाटे बसले, यू-बोल्ट आवळले गेले. नत्थुजीने एक परात मागवली, हौद्यात ठेवून तिच्यात पाणी ओतलं. पाणी काठाला सगळीकडून सारखं लागलं.

“झाली सपाट,” नत्थुजी म्हणाला. “न्या आता.”

जानरावने परात उचलून खाली ठेवली. हौद्यात एक रिकामं पोतं अंथरलं, आणि स्वतः त्यावर उताणा पडला. डोकं केबिनकडे, पाय मागे.

“तुमी चालवा,” तो म्हणाला. “पुलापर्यंत जाऊन या.”

नत्थुजीला हे काही समजलं नाही, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून तो चालवायला बसला. गाडी गल्लीतून निघाली. घसरणं बंद झालं होतं, ते खरं. पण नवे पाटे दबायला तयार नव्हते. गटारावरची फरशी, दगडांचा रस्ता, बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, जे येईल ते सरळ पाठीत घुसत होतं. पुलाच्या अलीकडेच त्याने पत्र्यावर हात आपटून गाडी थांबवली.

“काढा हे,” उतरताना तो म्हणाला.

“काहून? गाडी तं सपाट झाली.”

“गाडी झाली. तिच्यात मानूस निजनार हाये.”

“कोन?”

“माही बहीन. कंबर मोडली हाये तिची.”

शेडमध्ये परत आल्यावर नत्थुजीने चहा सांगितला, आणि चहा पिता पिता तो गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहत राहिला.

“मले आधी सांगाचं न,” तो म्हणाला. “तुमी समोर पाहून राहिले, आन गाडी बिघडली हाये मागं. मागं तुमी पाटे भरून ठेवले. म्हनून तिचं बूड वर आन नाक खाली. ते जास्तीचे पाटे काढून टाका. समोर बसगाडीचे पातळ पाटे लावू, वाकवाले जड नाई आन खड्ड्याले दबतात. दोन्हीकडून नरम होईन. पोटातलं पानी हालनार नाई.”

“मंग तसंच करा.”

“तसं केलं तर वझं गेलं, ड्रायवरसाहेब. मिठाची पोती भरली तर हौदा चाकाले घासन. मंग धंदा काय करसान?”

जानरावने कप खाली ठेवला. धारणीच्या फेऱ्यांवरच घर चालत होतं, आणि व्यापारी अर्धी गाडी घेऊन येणाऱ्याची वाट पाहत बसत नाहीत. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी तो म्हणाला, “तुमी काढा.”

काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. जानराव पुन्हा पोत्यावर निजला, नत्थुजीने गाडी काढली. या वेळी गाडी झोळीसारखी हलत गेली. पुलावर जानरावने डोळे उघडले. वर नुसतं आभाळ होतं, बाजूने किल्ल्याच्या भिंतीचा वरचा काठ सरकत होता, आणि डोक्यामागे मान उलटी करून पाहिलं तर केबिनच्या मागच्या काचेतून नत्थुजीची पाठ आणि टोपी दिसत होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशी धारणी ते अमरावती बाईला हेच दिसलं असणार. आभाळ, आणि भावाची पाठ. साऱ्या वाटेत तो एकदाही मागे वळला नव्हता. रस्ता अवघड होता म्हणून नव्हे. तिचं तोंड पाहण्याची भीती वाटत होती म्हणून.

गाडी थांबली तरी तो उठला नाही. नत्थुजी मागे आला, हौद्याच्या फळीवर हात टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने जानरावने तोंडावरून उपरणं फिरवलं आणि खाली उतरला.

घरी येऊन तो बाईला म्हणाला, “झाली सरळ.”

बाईने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “इंदूले सांग, आज मले पुरी भाकर वाढ म्हनून.”

इंदूबाईला मात्र हे लागलं. तिने नव्या कापसाची गादी भरून घेतली, बाईची लुगडी घडी करून पेटीत ठेवली, बुद्धाची तसबीर कापडात गुंडाळली. निघायच्या दिवशी जानराव पेटी उचलायला आत आला होता, तेव्हा वेणी घालताना तिचा हात थांबला.

“माह्या हातचं काय कमी पडलं, बाई?”

“काही नाई पडलं,” बाई म्हणाली. “तू मले लेकरासारखं ठेवलं. पन मी लेकरू नाई न, इंदू. दिवसभर पडून असते आन कोनी मले काही विचारत नाई. तठी बाया विचारतीन.”

इंदूबाईने वेणी पुरी केली आणि परसदारी निघून गेली. गाडी निघाली तेव्हाच ती पुढे आली, हौद्याच्या फळीला धरून थोडी चालली, आणि वळणावर मागे राहिली.

जानराव हळू चालला. आता तो वारंवार मागे वळून पाहत होता. बाई कधी झाडांकडे बघत असायची, कधी डोळे मिटून. घाट चढून सेमाडोहला सिपना नदीच्या काठी त्याने गाडी सावलीत उभी केली, फळी पाडली आणि भाकरीची शिदोरी सोडली. बाईला घास भरवायला गेला तर तिने त्याच्या हातातून भाकर घेतली.

“हात हायेत मले.” मग खाता खाता म्हणाली, “गाडी चांगली केली रे. लागलं नाई काही.”

तो नदीकडे पाहत राहिला.

“वर्षभर कमानी भेटल्या नाई तुले,” ती म्हणाली.

“नाई.”

“अकोल्यात नाई भेटल्या?”

“बाई, मी गेलोच नव्हतो.”

“ठावं हाये मले.” तिने पाण्याचा तांब्या मागितला, दोन घोट घेतले. “मीबी तुले लष्करात जाऊ देत नव्हते. भरतीचा कागद लपवून ठेवला होता तुहा. मंग वाटलं, घरात बसवून ह्याचं काय करू.”

जानरावला हे माहीत नव्हतं. कागद उशिरा आला असंच तो समजत होता. त्याने शिदोरी बांधली, फळी लावली.

धारणीत दवाखान्यामागच्या खोलीत बाईची खाट पडली. मैनाने खोली आधीच सारवून ठेवली होती. जानराव बाईला उतरवतो तोवर कोरकू बाया जमल्या, काही कडेवर पोरं घेऊन, आणि काही न बोलता ओळीने दाराबाहेर बसल्या. बाईने एकीला नावाने हाक मारली आणि त्यांच्या भाषेत काही विचारलं. ती हसली, मग सगळ्याच हसल्या. जानराव दारात उभा राहिला. आपल्या घरी वर्षभरात बाईचा असा आवाज ऐकला नव्हता, हे त्याला जाणवलं. त्या दिवशी परतताना रिकामी गाडी हलकी चालत होती, आणि एका वळणापाशी ती उभी करून तो एकटाच रडला.

पुढचे काही महिने जसे जमले तसे काढले. मिठाचा, राकेलचा माल दुसऱ्या गाडीवाल्यांकडे गेला. जानराव संत्र्याच्या डाल्या, बांगड्यांचे खोके, लग्नाचा मंडप असं हलकं भाडं करायचा. धारणीला जायचा तेव्हा बाईजवळ बसायचा. ती वाळली होती, पण डोळे जागे होते. अडलेल्या बाया आता खेड्यातून तिच्याकडे आणल्या जात. मैना हात लावायची, बाई खाटेवरून सांगायची. एकदा तो दाराबाहेर असताना आतून लेकराचं रडणं ऐकू आलं, मागोमाग बाईची हाक आली, “जाना, पानी आन.” त्याने पाणी नेऊन दिलं. पुढे कित्येक दिवस ती हाक त्याच्या कानात होती.

पावसाळा लागला आणि सिपनेला पूर आला. घाटातला रस्ता वाहून गेला, एसटी बंद झाली, धारणी तुटली. जानराव रोज स्टँडवर जाऊन विचारायचा. पोळा होऊन गेल्यावर पहिली गाडी आली, आणि तिच्या ड्रायव्हरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की पार्बताबाई श्रावणातच गेल्या. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यात ताप भरला. औषधं संपली होती.

इंदूबाईने ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “अठी असत्या तर जखमा होऊ दिल्या नसत्या मी.” ती खरंच बोलत होती. तिने कूस बदलली असती, खोबरेल लावलं असतं. जानराव रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. गाडी नाकावरच राहू दिली असती तर बाई जिवंत असती. भिंतीकडे पाहत, चतकोर भाकर खात, पण असती. ते बरं की हे बरं, त्याने पुष्कळ विचार केला, आणि त्याला कधीच ठरवता आलं नाही.

रस्ता मोकळा झाल्यावर तो धारणीला गेला. मैनाने त्याला जागा दाखवली. सागाच्या दोन झाडांच्या मधे मातीचा उंचवटा, वर दगड. गावातल्या मास्तरांनी त्रिशरण म्हटलं होतं, बाकी सगळं कोरकू बायांनीच केलं. खोलीत आता नवी नर्स राहत होती; तिने तसबीर आणि पेटी काढून दिली.

जानराव मैनासोबत दवाखान्याच्या ओट्यावर बसला. जे विचारायला आला होता ते विचारायला त्याला वेळ लागला.

“शेवटाले काही म्हनलं बाईनं?”

मैना आठवू लागली. “तापात होती,” ती म्हणाली. “पाणी उकळलं का, विचारायची. कात्री धुतली का. पोर रडलं का. तेच ते.”

“माह्याबद्दल काही?”

मैनाला खोटं बोलता येत नव्हतं. तिने पुन्हा आठवून पाहिलं, आणि हळूच मान हलवली.

तो परतला तेव्हा इंदूबाई दारातच होती. तिने पेटी हातात घेतली, आत नेऊन ठेवली, त्याला पाणी दिलं. मग भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “काय म्हनत होत्या शेवटी?”

जानरावने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

“तुही आठवन काढत होती,” तो म्हणाला. “इंदूनं मले लेकरासारखं ठेवलं, म्हने.”

इंदूबाईने पदर तोंडाला लावला. ती रडत राहिली, आणि तो तिच्याजवळ, पेटीला पाठ टेकवून, ती थांबेपर्यंत बसून राहिला.